मुंबई दर्शन, फालुदा आणि मधुमेहाची गोळी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या पाटस आणि दौंड परिसरातली बरीच कुटुंबं मुंबई बघायला निघतात. निघण्याआधी मधुमेहाचे पेशंट दवाखान्यात येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, दोन दिवस बाहेरचं खाणं होणार, साखर वाढणार. गोळी वाढवून देता का?"

साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या माणसांना साखर वाढण्याची भीती वाटावी, हे साहजिक आहे. पण फिरायला गेलेल्या दिवशी खरा धोका बहुतेक वेळा उलट्या बाजूचा असतो, म्हणजे साखर कमी होण्याचा. गेल्या दिवाळीत आमच्याच घरात हे घडलं. त्यामुळे आज तोच अनुभव सांगतो.

माझे चुलते तात्या, वय ६८. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, पथ्यपाणी चोख. तात्या आणि काकू दादरला नातेवाइकांकडे उतरले होते. आम्ही सकाळी परस्पर गेटवे ऑफ इंडियाला पोचलो आणि तिथे सगळे भेटलो. १९२४ साली पूर्ण झालेली ती कमान, समोरचं ताज, कबुतरं, फोटो काढणारे, हे सगळं पाहून झालं आणि आम्ही घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो. तासाभराचा प्रवास. तात्या खुशीत होते. मुलांना जहाजं दाखवत होते.

घारापुरीला धक्क्यावर उतरल्यावर बरंच चालावं लागतं आणि मग लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही बाजूंना माळा, मूर्ती, टोप्या, काकडी, कैरी विकणाऱ्यांची दुकानं. निम्म्या पायऱ्या झाल्या आणि तात्या एका काकडीवाल्या बाईंवर एकदम ओरडले. कारण काय, तर दहा रुपये. तात्यांचा आवाज चढलेला मी आयुष्यात दोन-तीनदाच ऐकला असेल. काकू म्हणाल्या, "दमलेत हो. चढ सोसत नाही आता." मुलगा म्हणाला, "डोली करू या का?" तात्यांनी त्यालाही झिडकारलं आणि पायरीवर बसले.

सावली होती, वारा होता, तरी त्यांच्या वरच्या ओठावर आणि मानेवर घाम आला होता. हाताची बोटं थरथरत होती. मी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. पिशवीतून ग्लुकोमीटर काढून तपासलं. साखर ५८.

७० च्या खाली साखर गेली की तिला आम्ही 'हायपो' म्हणतो. शरीर धोक्याची घंटा वाजवतं : घाम, थरथर, धडधड, एकदम भूक. मेंदूला इंधन कमी पडू लागलं की चिडचिड, गोंधळ, अडखळतं बोलणं सुरू होतं. आणखी उतरली तर शुद्ध जाते. म्हणून मधुमेहाचा पेशंट अचानक विनाकारण चिडला, तर 'स्वभाव बदलला' किंवा 'दमले' म्हणून सोडून देऊ नका. आधी साखर तपासा. मशीन जवळ नसेल तर हायपोच आहे असं धरून गोड द्या. थोडी साखर वाढली तर बिघडत नाही, पण हायपो तसाच राहिला तर बिघडतं.

शेजारच्या दुकानदाराने मोठ्या मनाने पेढा पुढे केला. काकूंच्या पर्समध्ये चॉकलेट होतं. दोन्ही नाकारून मी तात्यांना ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून दिली. याची दोन कारणं. पेढ्यात आणि चॉकलेटमध्ये तूप, स्निग्ध पदार्थ असतात. त्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तात्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज होतं. आपल्याकडे अशी तीन औषधांची एकत्र गोळी पुष्कळांना चालू असते. आपली नेहमीची साखर म्हणजे दोन घटकांची जोडी. आतड्यात ती जोडी फुटते, तेव्हाच ग्लुकोज रक्तात जातं. व्होग्लिबोज नेमकं हे फुटणंच लांबवतं. म्हणून या गोळीवर असलेल्या माणसाला हायपोमध्ये साखर, पेढा, सरबत देऊन लवकर फरक पडत नाही. त्याला थेट ग्लुकोजच लागतं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. ८६. घाम थांबला. तात्या स्वतःहून उठले आणि काकडीवाल्या बाईंना "ताई, राग मानू नका" म्हणाले. मग आम्ही तिथेच सावलीत बसून घरून आणलेल्या चपात्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. हे खाणं टाळून चालत नाही. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजवर वर आलेली साखर पुन्हा खाली जाऊ शकते.

खाता खाता उलगडा झाला. संध्याकाळी फालुदा खायचा बेत होता. त्यासाठी 'जागा ठेवायची' म्हणून तात्यांनी सकाळी सात वाजता बिनसाखरेचा चहा आणि दोन खारी एवढाच नाष्टा केला होता. गोळी मात्र नेहमीची, पूर्ण.

गणित इथेच चुकतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवला आहात की नाही, हे गोळीला कळत नाही. त्यात चालताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. म्हणजे पोटात कमी, गोळी तेवढीच आणि पायपीट रोजच्या कितीतरी पट. हाच धोका इन्सुलिन घेणाऱ्यांनाही असतो. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर हायपो सहसा होत नाही.

अर्ध्या तासाने, साखर शंभरच्या वर आल्यावर, आम्ही सावकाश वर गेलो. सहा मीटरच्या आसपास उंच असलेल्या त्या तीन मुखांच्या सदाशिवासमोर तात्या बराच वेळ बसून होते. संध्याकाळी फुले मंडईसमोर 'बादशाह'मध्ये फालुदाही झाला : शेवया, सब्जा, दूध, गुलाबाचं सरबत, वर आइस्क्रीम. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खाऊ द्या, पण एक ग्लास दोघांत. मग गिरगाव चौपाटीवर रमतगमत फेरी मारली. दोन तासांनी साखर २१०, दुसऱ्या दिवशी सकाळी १४२.

या दोन आकड्यांची तुलना करा. एका संध्याकाळी २१० गेल्याने कुणाचे डोळे किंवा किडनी खराब होत नाही. ते नुकसान महिनोन् महिने साखर वाढलेली राहिल्याने होतं. पण दगडी पायऱ्यांवर ५८ साखर असताना चक्कर आली, तर ६८ वर्षांच्या माणसाचं खुब्याचं हाड एका क्षणात मोडू शकतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी नाष्टा अर्धा ठेवू नका. पोटभर खाऊनच गोळी घ्या. जेवणाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा उशीर होतोय असं दिसलं की शेंगदाणे, केळं, बिस्किटं असं काही तरी तोंडात टाका. खिशात ग्लुकोज पावडरचा छोटा पुडा ठेवा. बॅगेत नको, कारण बॅग नेमकी दुसऱ्याच्या खांद्यावर असते. हायपो झाला तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि वाढवूही नका.

गावाला निघण्याआधी गोळ्यांची पट्टी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन प्रश्न विचारा. यातल्या कुठल्या गोळीने साखर कमी होऊ शकते? आणि यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का? पाच मिनिटांचं काम आहे. मग मुंबई बघा, वडापाव खा, फालुदाही खा.