डोणगांवाहून द्राक्षमळ्यांकडे

मेहकराहून वाशीमकडील मालेगांवास जाणाऱ्या सडकेवर आमचें डोणगांव लागतें. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कोठें कोठें संत्र्याची बाग, आणि सारी भिस्त मृगावर. द्राक्षें आम्हांस माहीत तीं बाजारांतल्या टोपलींतलीं. अशा गांवचा एक पेन्शनर मास्तर, तोही जन्मांत मद्यास न शिवलेला, वाइनच्या द्राक्षांचे मळे पाहण्यास नाशिकपर्यंत कां गेला, असें वाचक विचारतील. कारण घरचेंच आहे.

माझा धाकटा पुतण्या फ्रान्सांत ल्यों शहरीं शिकावयास असतो. तेथून उत्तरेस बोजोले नांवाचा डोंगराळ टापू आहे. सप्टेंबरच्या तोडणीस तो तेथील एका कुटुंबाच्या मळ्यावर मजुरीस गेला आणि त्यानें आठ पानी पत्र लिहिलें. आजोबा, मुलगा, सून व नातवंडें मिळून तो मळा राखतात. कृत्रिम खत घालीत नाहींत, रासायनिक विषें फवारीत नाहींत. द्राक्षाची जात गामे. या बिचाऱ्या जातीवर एकदां मोठा राजकोप झाला होता. १३९५ मध्यें बर्गंडीच्या फिलिप ड्यूकनें ती आपल्या मुलखांतून उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पीक भरघोस पण हलकें, हा तिचा अपराध! बोजोलेच्या ग्रॅनाइटी मातींत मात्र ती रुजली. तेथें घोंस न चिरडतां अखंडच बंद टाकींत भरतात. टाकींत कार्बन डायॉक्साइड वायु कोंडतो आणि आंबण्याची क्रिया फळाच्या पोटांतच सुरू होते. त्यामुळें तुरटपणा थोडा उतरतो, आणि तांबडी असूनही वाइन हलकी व फळाच्या वासाची होते.

पत्राचें वाचन माजघरांत झालें. "शिकावयास पाठविला कीं दारू गाळावयास?" एवढें विचारून वहिनींनीं जपाची माळ हातांत घेतली. पण शेती पाहणारा थोरला पुतण्या तें पत्र परत परत वाचूं लागला. "काका, चार एकर विहिरीखालीं आहेत. आपल्याकडे कां नाहीं होणार?" या प्रश्नांत पोरकटपणा नव्हता, सोयाबीनचे भाव त्यानें सोसले आहेत. म्हणून गेल्या माघांत आम्ही दोघे निघालों.

समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ मध्यें नागपूर ते शिर्डी खुला झाला, तेव्हांपासून नाशिक आम्हांस जवळ आलें. प्रवासाविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं. अशा रस्त्यावर गांवें लागत नाहींत, फक्त पाट्या लागतात.

गंगापूर धरणाच्या बाजूस एका शेतकऱ्याकडे आम्ही दोन दिवस राहिलों. फ्रान्सांत वेल हिवाळ्यांत झोपतो व वर्षांतून एकदां छाटला जातो. इकडे त्याला झोप नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरांत गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून तोडणी. गोडी छाटणीनंतर पाऊस आला कीं केवडा, पुढें भुरी. यजमान म्हणाले, "गुरुजी, केवडा बघतां बघतां बाग खातो. त्या वेळीं सेंद्रिय कीं काय, हें कोण बघतो?"

गंमत अशी कीं, सेंद्रिय मळेवाल्यासही जें औषध चालतें तें मूळ फ्रान्सचेंच. मोरचूद व चुना यांचें हें बोर्डो मिश्रण १८८५ मध्यें मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें बोर्दो येथें पुढें आणलें. आमच्याकडील संत्र्याच्या बुंध्यांना निळा लेप देतात तो याच जातीचा. परंतु मोरचुदांतलें तांबें जमिनींत सांचतें. म्हणून युरोपांत सात वर्षांत मिळून हेक्टरीं २८ किलोहून अधिक तांबें घालतां येत नाहीं. 'सेंद्रिय' म्हणजे कांहींच न मारणें नव्हे, हें पुतण्यास येथें प्रथम उमगलें.

नाशिकास राजीव सामंत यांनीं घरच्या जमिनींत वेल लावून, आई सुलभा यांच्या नांवावरून 'सुला' काढली. तिची पहिली वाइन २००० मध्यें बाहेर पडली. अकलूजकडे मोहिते-पाटील, सेखरी व इटलीचे सेक्की या घराण्यांतील भावांनीं 'फ्रातेली' उभारली. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच भाऊ! भागीदारींत भाऊ नकोत म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. पण नारायणगांवास शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फसफसणारी वाइन करून परदेशीं धाडली, तो कारखाना २०१० च्या सुमारास कर्जांत बुडाला. त्याच सुमारास मंदीमुळें कारखाने द्राक्षें घेईनात, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं बागा उपटल्या. खाण्याचें द्राक्ष न खपल्यास त्याचा बेदाणा तरी होतो. वाइनचें द्राक्ष बारीक, बियांचें, जाड सालीचें; त्यास कारखान्याखेरीज गिऱ्हाईक कोठलें? "करार कागदावर असतो, द्राक्ष वेलीवर असतें," असें यजमान म्हणाले.

राहतां राहिला आचाराचा प्रश्न. कापिशीच्या द्राक्षांसाठीं पाणिनीनें सूत्र घातलें. कौटिल्यानें सुराध्यक्ष नेमावयास सांगितला. रघूचे योद्धे पारसीकांस जिंकल्यावर द्राक्षांच्या मळ्यांत मधुपानानें श्रमपरिहार करतात. हें शिकवितांना मला कधीं अडचण वाटली नाहीं. मळ्यावर पेला पुढें आला तेव्हां मीं वास घेऊन तो खालीं ठेवला. जांभळाचा असा कांहींसा वास होता. पुतण्यानें एक घोट घेतला; मीं खिडकीबाहेर पाहिलें. मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय सरकारनें जानेवारी २०२२ मध्यें घेतला, तेव्हां केवढा गहजब उडाला! आमचें घर त्याला अपवाद कां असावें? वहिनींस त्या घोटाचें अद्यापि सांगितलेलें नाहीं.

परततांना सिंदखेडराजापर्यंत पुतण्या बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, अर्धा एकर. तोही खाण्याच्या द्राक्षांचा." विहिरीस उन्हाळ्यांत किती तास पाणी पुरतें तें मोजून मगच खुंट आणावयाचे, असें ठरलें आहे. सध्यां वैशाख चालू आहे, आणि तो रोज सकाळीं घड्याळ घेऊन विहिरीवर जातो.