ऑटोला नो एण्ट्री!

आपल्या पिढीचा लाडका शब्द कुठला? ऑटो! बँकेत ऑटो डेबिट, गाडीत ऑटो गिअर, मोबाइलवर ऑटो करेक्ट. डोक्याला ताप नको, हा साधा फंडा. मग हौसेने मिररलेस कॅमेरा घेतला की तोही ऑटोवरच राहतो. एवढे पैसे मोजलेत, आता बाकीचं त्याने बघावं की!

फोटोपुरतं हे खपून जातं. फोटो म्हणजे एक क्षण. बिघडला तर दुसरा काढा, हाय काय अन् नाय काय! पण व्हिडिओत हा ऑटो जाम चंचल निघतो. एकदा निर्णय घेऊन तो गप्प बसत नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत त्याचं मत बदलत राहतं आणि हे मतपरिवर्तन पडद्यावर सगळ्यांना दिसतं.

कोणत्याही लग्नाचा व्हिडिओ आठवा. नवरी छान हसतेय. तेवढ्यात पांढराशुभ्र झब्बा घातलेले मामा मधून जातात आणि नवरीच्या चेहऱ्यावर एकदम संध्याकाळ होते. मामा गेले की पुन्हा सकाळ! हॉलमधला उजेड तेवढाच होता. कॅमेऱ्याने तेवढ्या वेळात मामांचा झब्बा मोजला आणि नवरीला शिक्षा दिली.

मी फ्रीलान्स पत्रकार. लेख लिहिणं हे माझं काम, पण हल्ली लेखाबरोबर 'तीन मिनिटांचा व्हिडिओपण दे ना' हे ओघाने येतंच. त्यामुळे कॅमेऱ्याच्या या स्वभावाशी माझी रोजची गाठ. तो असा का वागतो? कारण त्याला चेहऱ्याचा खरा रंग ठाऊक नसतो. परत येणारा उजेड तेवढा तो मोजतो आणि सगळ्याची सरासरी एका मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतो. त्याच्या हिशेबात जग हे सुमारे १८ टक्के उजेड परत फेकणारी एक करडी भिंत आहे. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो अंधार करतो, काळं जास्त असलं की उजळवतो. आताचे कॅमेरे चेहरा ओळखतात, मान्य. पण माणसाने मान वळवली, चेहऱ्यासमोर हात आला, की पुन्हा हिशेब सुरू.

यावर उपाय म्हणजे मॅन्युअल. नाव ऐकून टेन्शन घेऊ नका. चार गोष्टी आहेत आणि त्यातली पहिली तर आपल्यासाठी महावितरण, बेस्ट वगैरे मंडळींनीच ठरवून टाकलीय! भारतातली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/६० वर ठेवलं तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. म्हणून आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५०, ही जोडी ठरलेली. फ्रेम रेटच्या दुप्पट शटर ठेवलं की हलणारा हातही नैसर्गिक दिसतो. एकदा लावायचं आणि विसरून जायचं.

दुसरं अॅपर्चर, म्हणजे लेन्सची खिडकी किती उघडी ते. तिसरा आयएसओ, म्हणजे आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा ते. १०० वरून २०० केला की उजेड दुप्पट, पण फार वर नेला की चित्रात दाणे. आणि चौथा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सचा गॉगल! दुपारी गेटवेला उभं राहून १/५० शटरवर शूट करायचं तर चित्र पांढरंफटक होणार. अशा वेळी शटरला हात लावायचा नाही, गॉगल चढवायचा.

गंमत म्हणजे या स्वातंत्र्यासाठी लोक भांडलेत. कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा कॅमेरा २००८ मध्ये आला आणि त्याच्या व्हिडिओवर सगळे फिदा झाले. पण व्हिडिओत एक्स्पोजर मॅन्युअली लावायची सोयच नव्हती. लोकांनी मागणी लावून धरली, तेव्हा जून २००९ मध्ये कंपनीने नवं फर्मवेअर देऊन ती दिली. आज बहुतेक मिररलेसमध्ये ती आयती मिळते आणि आपण बटण ऑटोवर ठेवतो!

हे सगळं मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं ते गेल्या पावसाळ्यात, आजीचं रेकॉर्डिंग करताना.

माझी आजी ब्याऐंशी वर्षांची. लालबागच्या चाळीत तिची गिरणी कामगारांसाठी खानावळ होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे आपण वाचलेलं असतं. त्या अडीच लाखांतल्या वीस जणांना आजी रोज जेवायला वाढायची. तिची उधारीची वही अजून ट्रंकेत आहे. ही गोष्ट तिच्या तोंडून रेकॉर्ड करायची, हे मी बरेच दिवस मनात धरून होते. ती कबूल होत नव्हती.

"अगं, माझं कसलं शूटिंग करतेस? मी ही अशी काळी. दिसणार काय त्यात?"

हे ती विनोदाने म्हणते. पण साठ वर्षं म्हणतेय. तिच्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. स्टुडिओवाल्याने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे रिटचिंग करून नवरी इतकी गोरी केलीय की नाक-डोळे पुसून गेलेत. आजी त्या फोटोला "ती बाई" म्हणते.

खोली लहान. एकच खिडकी, बाहेर ढगाळ पण लख्ख उजेड, आत तेलकट रंगाची भिंत. ऑटोला या खोलीत दोनच गोष्टी सुचल्या असत्या. खिडकी चौकटीत आली की आजीची सावली करायची. खिडकी बाहेर गेली की गडद भिंत आणि सावळा चेहरा बघून सगळं वाढवायचं, म्हणजे आजी राखाडी आणि तिचे पांढरे केस फटफटीत.

मी तिला खिडकीच्या बाजूला बसवलं, समोरच्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली. चादरीवरून परतलेला उजेड चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पोचला. २५ फ्रेम्स, १/५०, अॅपर्चर २.८, आयएसओ ६४०. मग झेब्रा चालू केला. झेब्रा म्हणजे स्क्रीनवर ठरावीक उजेडाच्या जागी दिसणारे तिरके पट्टे. चेहऱ्याच्या उजळ भागासाठी ७० हा आकडा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. पण तो गोऱ्या त्वचेवरून रूढ झालेला आहे. आजीचा गाल ७० पर्यंत चढवला असता तर तोच स्टुडिओतला फोटो पुन्हा झाला असता. तिचं कपाळ आणि गालाचं हाड ५५ च्या आसपास आलं, तेव्हा मी थांबले. खिडकी जळून पांढरी झाली होती. होऊ दे! मुलाखत खिडकीची नव्हती.

आजी बोलायला लागली. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग एकेक जण गावी जायला लागला. "जाताना पाया पडायचे, म्हणायचे, वहिनी, पैसे पाठवतो. मी काय मागणार? त्यांच्याकडे असते तर दिलेच असते ना."

नेमकं तेव्हाच आभाळ दाटून आलं. खोली काळवंडायला लागली.

रेकॉर्डिंग चालू असताना एक्स्पोजर बदलायचं की नाही, हा प्रश्न असा येतो. तोही चुकीच्या वेळी येतो. शटर बदलायचं नसतं. अॅपर्चर बऱ्याच लेन्सेसमध्ये टप्प्याटप्प्याने सरकतं, तो झटका चित्रात दिसतो. उरतो आयएसओ, तोही एक तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी, आणि डायलची टिकटिक माइकमध्ये जाऊ नये म्हणून शक्यतो टचस्क्रीनवरून. ऑटो असता तर त्याने लगेच उजेड भरून काढला असता, ढग आलाच नाही असं दाखवलं असतं.

मी हात लावला नाही. वाक्य तिचं होतं, अंधारही त्याच दुपारचा होता. ती नावं घेत होती आणि चेहरा हळूहळू मिटत होता, पण डोळे दिसत होते. ती चहा प्यायला थांबली, तेव्हा मी आयएसओ ८०० केला, मग १०००. कपाच्या शॉटवर कट करता येतो, तिच्या बोलण्यावर नाही.

रेकॉर्डिंग संपल्यावर तिला स्क्रीनवर दाखवलं. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "काळी दिसतेस का?"

"काळीच आहे मी," ती म्हणाली. "पण नाक माझ्या आयेचं आहे की गं! इतकी वर्षं कुणी बोललंच नाही."

ज्यांना मी तो व्हिडिओ दिला, तिथून दोन दिवसांनी फोन आला. मजकूर छान आहे, फक्त आजींना थोडं उजळ कर ना, जरा फ्रेश वाटेल! मी विचारलं, कुठे दिसत नाहीये? डोळे, सुरकुत्या, हात? तर सगळं दिसत होतं. त्यांना उजेड नको होता, गोरेपणा हवा होता. मी नाही म्हटलं. थोडी घासाघीस झाली आणि व्हिडिओ आहे तसाच गेला.

हा आजार नवा नाही आणि फक्त आपलाही नाही. कोडॅकच्या फिल्मचे रंग जुळवायला लॅबमध्ये 'शर्ली कार्ड' वापरत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर दिसली की रंग बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. गुगलने पिक्सेल ६ मध्ये सावळ्या-काळ्या चेहऱ्यांसाठी 'रिअल टोन' आणलं, ते २०२१ मध्ये. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली २०२० मध्ये. ट्यूबवरचं नाव बदललं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या स्थळांच्या फोटोंवरचे फिल्टर मात्र अजून जोरात आहेत.

तेव्हा एवढंच लक्षात ठेवा. चेहरा अंधारात असेल तर दिवा लावा, खिडकीकडे वळवा, पांढरी चादर धरा. चेहरा दिसायला लागला की थांबा. त्यापुढे वाढवलेला उजेड हा उजेड नसतो, ती दुरुस्ती असते. आणि माणूस काही बिघडलेला नसतो!

कॅमेरा नाहीये? मोबाइल आहे ना! रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी स्क्रीनवर समोरच्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. शेजारी छोटा सूर्य दिसतो, तो वर-खाली करून उजेड ठरवा. दोन सेकंदांचं काम आहे. मग मामा झब्बा घालून दहा वेळा मधून गेले तरी फिकीर नाही.

तसंही वांद्रे-शीव ओलांडलं की मुंबईत ऑटोरिक्षाला मनाई आहेच. माझ्या कॅमेऱ्यात ती हद्द माणसाच्या चेहऱ्याशी सुरू होते.