दहा हजारांश इंच

आमच्या अण्णांची मद्रासला घडलेली स्टँडर्ड हेराल्ड! अख्खे बॉनेट पुढे उलटणारी, ११४७ सीसीची. तिला दोन कार्बोरेटर लावावेत, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवावे, हा माझा हट्ट. अण्णा म्हणाले, "आहे ते आधी नीट कर." प्लगची फट २५ हजारांश इंच, टॅपेटची १०; तीही इंजिन थंड असताना. जास्त झाली तर टकटक, कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो. गेज त्यांनी माझ्या हाती दिला. त्यांचा हात थरथरतो, हे मला तेव्हा दिसले. "पाती किंचित अडली पाहिजे," एवढेच ते सांगत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत खंडाळ्याला निघालो. दुसऱ्या गियरची चढण गाडीने तिसऱ्यात काढली. अण्णा काच खाली करून इंजिन ऐकत होते.