तळ्याअलीकडचे प्रवेशद्वार

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या नैऋत्येस, ‘मॅजिक किंग्डम’ हे डिस्ने समूहाचे विख्यात उद्यान वसले आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. जगात सर्वाधिक लोक भेट देतात अशा मनोरंजन-उद्यानांत त्याने वर्षानुवर्षे पहिले स्थान राखले आहे. २०२३ साली सुमारे पावणेदोन कोटी लोक तेथे येऊन गेले, असा या व्यवसायातील अंदाज आहे. म्हणजे दररोज सरासरी ४८ हजार. एखाद्या तालुक्याच्या गावातील सगळी वस्ती सकाळी एका दारातून आत यावी आणि रात्री त्याच दारातून बाहेर पडावी, असा हा नित्याचा व्यवहार आहे. तेथील राजवाडा, पाळणे आणि आतषबाजी यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. दाराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सोलापूरकडील एका व्यापारी कुटुंबाचे लक्ष तिकडे गेले ते एका सुरीमुळे. मुलगा नोकरीनिमित्त टॅम्पा येथे स्थायिक झालेला. उन्हाळ्यात आजोबा आणि आजी त्याच्याकडे गेले होते. आठ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात यांच्या हट्टाखातर सगळे भल्या सकाळी मोटारीने निघाले. आजींनी रात्रीच खाकरे, दशम्या, कोरडी चटणी आणि फळे बांधून ठेवली होती. सूर्यास्तानंतर त्या काही खात नाहीत आणि परक्या ठिकाणच्या स्वयंपाकघराचा त्यांना भरवसा वाटत नाही. सुदैवाने त्या उद्यानात घरचे खाणे नेण्यास मुभा आहे. काचेची भांडी आणि मद्य मात्र नेता येत नाही.

वाहनतळ उद्यानाच्या दारापासून दूर आहे. दोहोंच्या मध्ये ‘सेव्हन सीज लगून’ नावाचे विस्तीर्ण मानवनिर्मित तळे पसरले आहे. गाडी ठेवून प्रवासी एका वाहतूक केंद्रावर येतात आणि तेथून नावेने किंवा उंचावरून धावणाऱ्या एकरूळी गाडीने पैलतीरी जातात. सामानाची व माणसांची तपासणी होते ती याच केंद्रावर, म्हणजे तळ्याच्या अलीकडे.

तेथे दोन खांबांमधून माणसे एकामागून एक चालत जात होती. खिसे रिकामे करावे लागत नव्हते. छत्री आणि धातूची बाटली तेवढी हातात पुढे धरण्याची सूचना होती. आजींची पिशवी मात्र अडली. आत स्टीलचे डबे होते, उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली होती आणि फळे चिरण्याची वीतभर सुरी होती. शेजारच्या टेबलावर डबे उघडले गेले. तपासनीस बाईंनी चटणीकडे कुतूहलाने पाहिले, हसून डबे बंद केले आणि सुरी बाजूला ठेवली. सुरी कोणत्याही मापाची असो, आत नेता येत नाही. एकतर ती टाकून द्यावी, नाहीतर गाडीत ठेवून यावी. मुलगा सुरी घेऊन वाहनतळाकडे परत गेला. त्यात अर्धा तास मोडला.

आजोबांचा चेहरा उतरला होता. पन्नास वर्षे आडत दुकान चालवलेल्या माणसाच्या पिशवीत कोणी हात घातला नव्हता. “तिकिटाचे पैसे मोजायचे आणि वर झडती द्यायची? आपण काय चोर आहोत?” असे ते आजींना म्हणाले. आजी उत्तरल्या, “अहो, त्यांना आपण कोण ते काय ठाऊक? त्यांनी सगळ्यांच्याच पिशव्या पाहिल्या.” सूनबाईंनी विषय बदलला. “बाबा, तोवर आपण मुलांना दोन गोष्टी समजावून सांगू,” असे म्हणून त्यांनी त्या अर्ध्या तासात मुलांचे सकाळच्या कपड्यांतले छायाचित्र काढले, दोघांच्याही सदऱ्याच्या आतल्या बाजूस दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी टाचली आणि आत गेल्यावर चौकातला ध्वजस्तंभ दाखवून ‘चुकामूक झाली तर इथे’ असे बजावण्याचे ठरवले. नातवाला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “आम्ही दिसलो नाही तर पळायचे नाही. छातीवर नावाची पट्टी लावलेल्या माणसाला गाठायचे.”

ही तपासणी पहिल्यापासून नव्हती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतील अशा उद्यानांत पिशव्या पाहण्याची प्रथा पडली. डिसेंबर २०१५ मध्ये धातुशोधक चौकटी आल्या आणि खेळण्यातल्या बंदुकांवरही बंदी आली. त्याच वर्षी छायाचित्रे काढण्याच्या लांब दांड्याही बंद झाल्या. २०२० नंतर चालता चालता तपासणी करणारे खांब उभे राहिले. प्रवेशाजवळ वास घेणारे श्वानही फिरत असतात.

परंतु शस्त्र शोधणे हा दाराच्या कामाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग गर्दीशी निगडित आहे आणि तो धडा या समूहाने फार पूर्वी, स्वतःच्या फजितीतून घेतला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे त्यांचे पहिले उद्यान उघडले. बनावट तिकिटे छापली गेली आणि निमंत्रितांहून कितीतरी अधिक, सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. एका इसमाने तर कुंपणाला शिडी लावून पैसे घेत लोकांना आत सोडल्याचे सांगतात. उन्हाने नव्या रस्त्याचे डांबर मऊ झाले, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. फ्लोरिडाचे उद्यान उघडताना मात्र समूहाने मुद्दाम ऑक्टोबरातील शुक्रवार निवडला. शाळा सुरू, सुट्ट्या संपलेल्या. पहिल्या दिवशी जेमतेम १० हजार लोक आले आणि व्यवस्थेला सावरण्यास अवधी मिळाला.

तळ्याचा उपयोगही येथेच ध्यानात येतो. दुरून पाण्यापलीकडे राजवाडा दिसावा, ही त्यामागची शोभेची कल्पना. तथापि त्यामुळे गर्दीचे आपोआप तुकडे पडतात. मोठ्या नावेत सुमारे ६०० माणसे मावतात. तेवढी चढली की फाटक बंद होते. नाव पैलतीरी पोहोचून रिकामी होईपर्यंत दाराशी नवी लाट येत नाही. तळ्याकाठच्या विश्रामगृहांतून येणाऱ्यांची तपासणी त्यांच्या स्वतंत्र ठिकाणी होते आणि बसने येणाऱ्यांची निराळ्या बाजूस. तपासणीसाठी थांबलेली रांग ही स्वतःच एक गर्दी असते. ती तिकिटाच्या दारापासून दूर, मोकळ्या जागेत उभी केली, म्हणजे एका ठिकाणचा खोळंबा दुसऱ्या ठिकाणी चेंगराचेंगरीचे कारण होत नाही.

पैलतीरीचे तिकिटाचे दार तर दारासारखे नाहीच. पूर्वीचे फिरते लोखंडी अडसर तेथून काढून टाकले आहेत. आता ओळीने खांब उभे आहेत. मनगटावरची पट्टी किंवा कार्ड खांबाला टेकवायचे, मागितल्यास बोट ठेवायचे आणि पुढे चालू लागायचे. वाटेत आडवे काही नसल्यामुळे, प्रसंग ओढवलाच तर लोक उलट बाहेरही निघू शकतात. पुढे आगगाडीच्या स्थानकाखालून डावी-उजवीकडे दोन बोगदे आहेत. त्यांतून लोक विभागून चौकात येतात.

गर्दीचे शास्त्र सांगते की एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत प्रत्येकाला आपली पावले आपल्या मर्जीने टाकता येतात. पाच-सहाच्या पुढे आकडा गेला की माणसाचे चालणे त्याच्या हाती राहत नाही. समुदाय पाण्यासारखा हेलकावू लागतो. अशा वेळी बहुतेक मृत्यू पायदळी तुडवले जाऊन होत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब आल्याने श्वास घेता येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्यांना पुढचे दिसत नाही, म्हणून ते ढकलतच राहतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर असेच घडले. पावसामुळे माणसे जिन्यावर थांबली, मागून गाड्यांतून उतरणारे येतच राहिले आणि २३ जणांचे प्राण गेले. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या क्रिकेट मैदानाच्या दारांशी ११ जण मृत्युमुखी पडले. ती माणसेही आनंद साजरा करण्यासाठीच आली होती.

त्या दिवशी कुटुंबाने पुष्कळ काही पाहिले. साडेसहाच्या सुमारास एका झाडाच्या सावलीत डबे उघडले गेले आणि फळे न चिरता, तशीच खाल्ली गेली. अंधार पडल्यावर राजवाड्यावर आतषबाजी झाली. ती संपताच मध्यवर्ती चौकातील सगळा समुदाय मुख्य रस्त्याने दाराकडे वळला. रस्ता माणसांनी भरून गेला. मुलाने नातीला खांद्यावर घेतले होते. आजींनी नातवाचा हात धरला होता. क्षणभर त्यांनी तो पदर सावरण्यासाठी सोडला आणि पुन्हा धरायला गेल्या तेव्हा हात तेथे नव्हता.

आजींच्या तोंडून शब्द फुटेना. आजोबा मागे वळून प्रवाहाविरुद्ध निघू लागले तेव्हा सूनबाईंनी त्यांना थांबवले. “बाबा, उलटे जायचे नाही. तुम्ही दोघे ध्वजस्तंभापाशी जा. मी कडेने बघत येते.” मुलाने वाटेतील कर्मचाऱ्याला सकाळचे छायाचित्र दाखवले. त्याने ते पाहून लगेच यंत्रावरून निरोप दिला. ध्वजस्तंभाशी उभे राहून आजोबा येणाऱ्या प्रत्येक लहान डोक्याकडे पाहत होते. माणसे हजारोंनी जात होती, पण कोणी कोणाला रेटत नव्हते. हातात प्रकाशदंड घेतलेले कर्मचारी थांबणाऱ्यांना कडेला घेत होते. दुकानांच्या मागील एक वाट अशा वेळी उघडतात, ती उघडली गेली होती आणि निम्मी गर्दी तिकडून बाहेर पडत होती.

दहा-बारा मिनिटे गेली. मग नावाची पट्टी लावलेली एक तरुणी नातवाचा हात धरून रस्त्याच्या कडेकडेने येताना दिसली. फुगेवाल्याकडे पाहता पाहता तो मागे राहिला होता. सांगितल्याप्रमाणे तो पळाला नव्हता. त्याने पट्टीवाल्या ताईंना गाठले आणि सदऱ्याच्या आतली चिठ्ठी दाखवली. त्या त्याला घेऊन आधी एका दुकानाच्या ओट्यावर, गर्दीच्या ओघाबाहेर, उभ्या राहिल्या होत्या. आजींनी नातवाला जवळ घेतले. आजोबा काही बोलले नाहीत.

परतीच्या नावेशी बरीच मोठी रांग होती. ठरावीक माणसे चढताच कर्मचाऱ्याने फाटक लावले. नावेत अजून जागा असल्यासारखे दिसत होते, तरीही फाटक उघडले नाही आणि कोणी हुज्जत घातली नाही. आजोबा बराच वेळ ते पाहत होते. “बाजार समितीत काट्यावर गाड्या घेतात तसे आहे हे,” ते मुलाला म्हणाले. “एक उतरल्याशिवाय दुसरी चढवायची नाही. घाई केली की काटाही बिघडतो आणि मालही सांडतो.” थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “सकाळी मी उगाच रागावलो.”

अशा ठिकाणी जाणाऱ्या कुटुंबांनी स्वतःपुरते करावयाचे काम थोडकेच आहे. पिशवी शक्यतो एकच आणि हलकी असावी. सुरी, अडकित्ता, कात्री घरीच ठेवावी. भेटीची जागा आत शिरताच ठरवावी आणि मुलांकडून एकदा वदवून घ्यावी. कार्यक्रम संपल्यावर लगेच उठण्याऐवजी अर्धा तास बसून राहावे, म्हणजे वाट मोकळी होते. गर्दीत सापडल्यास हात छातीशी आडवे धरावेत, प्रवाहाविरुद्ध जाऊ नये आणि तिरके सरकत कडेला यावे. हे सारे मिनिटभरात सांगून होण्यासारखे आहे. वेळ येते तेव्हा मात्र सांगायला कोणी जवळ नसते.

परतल्यावर दोन महिन्यांनी गावात एका मोठ्या उत्सवाच्या नियोजनाची बैठक भरली. मंडप, भोजन, रोषणाई, पाहुण्यांची व्यवस्था यांवर सविस्तर चर्चा झाली आणि खर्चाचे आकडे मांडले गेले. आजोबा मागच्या रांगेत बसले होते. शेवटी त्यांनी मंडपाचा नकाशा मागून घेतला, चष्मा लावून पाहिला आणि इतकेच विचारले, “आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट एकच का ठेवली आहे?”

बैठकीत थोडा वेळ शांतता पसरली. मग कोणीतरी पेन्सिल पुढे केली.