घर बांधा, पण वाफे जपा

आपल्या वस्त्यांमधून कवेलूची घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहत आहेत. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढतो, कोणी पतसंस्थेचे कर्ज घेतो, तर कोणाच्या घरी बचत गटाचा पैसा कामी येतो. ही समाधानाची बाब आहे. परंतु घर उभे राहत असताना अंगणातली मूठभर माती मरून जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून हे चार अनुभवाचे शब्द.

नागपुरातील आमच्या घरासमोर दहा फूट लांब, सहा फूट रुंद अशी जागा आहे. तीत आईचे तीन वाफे आहेत. पालक, मेथी, सांबार, मिरच्या, वांग्याची चार झाडे आणि कुंपणावर वालाचा वेल. मी कारकून माणूस, हिशेबाची सवय. हिवाळ्यात आमच्याकडे पालेभाजी सहसा विकत आणावी लागत नाही. पण आईचा हिशेब पैशांचा नाही. तिने तीस वर्षे लोकांच्या इमारतींवर घमेली वाहिली. स्वतःची म्हणावी अशी जमीन तिच्या वाट्याला आली ती एवढीच.

दुरुस्तीचे ठरले तेव्हा ठेकेदार जागा पाहून म्हणाला, "मलबा इथेच टाकू, शेवटी एकदमच उचलू. भाजी काय, पुन्हा लावता येईल."

आईने तळहात पुढे केले. "भाऊ, या सिमेंटानं माह्या हाताचे सालटे काढले. माह्या मेथीले ते सोडन काय?"

ठेकेदार काही बोलला नाही. आईचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. मातीची आम्लता मोजणाऱ्या सामूचा मध्य ७ असतो. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ ते १३ इतका असतो. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते. त्यात सिमेंट, चुना मिसळला की मातीतले लोह मुळांना घेता येत नाही. मग पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीतील संत्र्याच्या बागांतही असेच पिवळेपण दिसते.

काम सुरू होण्यापूर्वी आम्ही मिरच्या आणि वांगी संध्याकाळच्या वेळी मुळांच्या मातीसह काढून जुन्या डब्यांत लावली. रिकाम्या झालेल्या वाफ्यांची वरची अर्धा फूट माती पोत्यांत भरून घरामागे ठेवली. खरा कस त्याच थरात असतो. उरलेल्या वाफ्याभोवती बांबू रोवून जुने टिनपत्रे बांधले. तोडफोड चालू असताना वर जुने लुगडे टाकायचे आणि संध्याकाळी काढायचे. प्लास्टिक टाकले तर उन्हात भाजी उकडून निघते. मजुरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फळ्या टाकल्या, कारण पायांनी दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही.

सर्वात जास्त नुकसान घमेली आणि फावडी धुण्याच्या पाण्याने होते. त्यासाठी एक जुना ड्रम ठेवला. त्यात खाली बसलेला गाळ मलब्याबरोबर गेला. रेती-सिमेंट कालवायची जागा वाफ्यांपासून दूर, उताराच्या बाजूला ठरवली.

जुना रंग खरवडताना विशेष जपावे. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून रंग ओला करून खरवडावा, खाली कापड अंथरावे आणि पापुद्रे गोळा करावेत. ही धूळ पडलेली पालेभाजी खाऊ नये. सिमेंटचे जुने पत्रेही फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ते ओले करून अख्खेच उतरवावेत.

आता व्यवहाराचे. ठेकेदाराशी झालेला करार कागदावर लिहा. मलबा कुठे ठेवायचा, कोणत्या दिवशी उचलायचा आणि तो उचलल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल, हे त्यात स्पष्ट असू द्या. तोंडी बोलणे हप्त्याच्या दिवशी कोणाला आठवत नाही. आपला मलबा शेजाऱ्याच्या दारात किंवा वस्तीच्या नालीत ढकलू नका. बुजलेल्या नालीचे पाणी पावसाळ्यात सर्वात खालच्या घरात शिरते आणि ते घर बहुधा सर्वात गरिबाचे असते. कामावरच्या बायांना हात धुवायला स्वच्छ पाणी आणि हातांना लावायला खोबरेल तेल द्या. ते हातही कोणाच्या तरी आईचे असतात.

काम संपल्यावर माती चाळून खिळे, काच, गिट्टी वेचून काढा. सिमेंटची खपली दिसली तर तो थर खरवडून टाका. मग जुनी माती परत घालून कुजलेले शेणखत मिसळा. आधी एका कोपऱ्यात मेथी पेरून पाहा. ती पिवळी पडली तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या.

बंधू-भगिनींनो, घराचा नकाशा काढाल तेव्हा खोल्यांबरोबर वाफेही कागदावर दाखवा. आणि मलबा कुठे टाकायचा हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा. पुढे त्या मातीत हात त्यांनाच घालायचे असतात.