रात्रीचे वाटसरू

खानदेशात दिवसाचा रस्ता निराळा आणि रात्रीचा रस्ता निराळा, असे मला नेहमी वाटते. डांबर तेच, वळणे तीच, कडेचे निंब आणि बाभळीही त्याच; पण दिवेलागण झाली, की त्या रस्त्यावरची वर्दळ पालटते. शेतावरून परतणाऱ्या बैलगाड्या घरी पोहोचतात, एस. टी. गाड्या विरळ होतात आणि मालमोटारींचे राज्य सुरू होते. धुळे शहरापाशी तर दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जातो, दुसरा सुरतेहून जळगावमार्गे नागपूरकडे. केळी, कापूस, कांदा, लोखंड असा नाना प्रकारचा माल घेऊन ट्रक रात्रभर धावत असतात. नेमक्या त्याच वेळी दुसरेही काही वाटसरू बाहेर पडतात. त्यांच्याजवळ दिवा नसतो आणि रस्त्याचे नियम त्यांना कोणी शिकवलेले नसतात. ते वाटसरू म्हणजे रानातील जनावरे.

ती रस्त्यावर का येतात, हे समजण्यासाठी खानदेशचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तरेला सातपुड्याची रांग आहे, दक्षिणेला तापी नदी आहे आणि दोहोंच्या मधून बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता गेला आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर ही गावे त्याच रस्त्यावर लागतात. यावलच्या उत्तरेकडील डोंगराळ रानात १९६९ पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात डोंगरातील नाले आटतात आणि गवत वाळून जाते. खाली मात्र केळीच्या बागा हिरव्यागार असतात. त्यांत सावली असते, ओल असते, लपायला जागा असते. तहानलेले जनावर ओलाव्याच्या वासाने डोंगर उतरू लागते. त्याची वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि आपला रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे. या दोन वाटा जेथे एकमेकींना मिळतात, तेथेच रात्री संकट उभे राहते.

काही वर्षांपूर्वी वैशाखातील एका रात्री मला सावद्याहून शिरपूरला जायचे होते. शेवटची एस. टी. निघून गेली होती. केळी भरलेला एक ट्रक त्याच बाजूला निघाला होता. त्याच्या चालकाने मला जागा दिली. तो शिरपूरकडचाच होता; पिकलेल्या मिशा, डोक्याला रुमाल, बोलणे थोडे. सगळे त्याला आबा म्हणत. जवळच सोळा-सतरा वर्षांनी मोठा वाटावा असा गंभीर चेहऱ्याचा एक तरुण क्लीनर बसला होता.

गाव मागे पडले, तसे आबा मला म्हणाले, “गुरुजी, रात्री जनावर दिसत नाही. आधी डोळे दिसतात. डोळे ओळखता आले पाहिजेत.”

मग त्यांनी मला तो धडाच दिला. जमिनीलगत दोन ठिणग्या हलल्या, तर कोल्हा किंवा रानमांजर समजावे. दोन मोठे दिवे रोखून पाहत राहिले आणि मग सावकाश वळले, तर तो बिबट्या असण्याचा संभव असतो. डोळे माणसाच्या छातीइतके उंच दिसले, तर नीलगाय. “आणि म्हशीचे काय?” असे मी विचारले. आबा म्हणाले, “म्हैस फार वाईट. तिने तोंड फिरवलेले असले, तर काहीच दिसत नाही. अंधारात अंधारच उभा राहतो.”

जनावरांचे डोळे चमकतात, याचे कारण शास्त्राने सांगितले आहे. त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. एकदा आत आलेला प्रकाश तो थर परत फिरवतो; त्यामुळे अंधुक उजेडातही जनावराला पुष्कळ दिसते. माणसाच्या डोळ्यात असा थर नाही. पण अंधारासाठी घडलेला हा डोळा मोटारीच्या झगझगीत प्रकाशापुढे दिपून जातो. कोठे पळावे, हेच जनावराला समजत नाही आणि ते जागच्या जागी खिळून राहते. आपण म्हणतो, “जनावर वेडे, हलत नाही!” खरे पाहता त्याला आपणच आंधळे केलेले असते.

यावल मागे पडल्यावर एका उतारावर आबांनी एकाएकी वेग कमी केला. डाव्या बाजूला, छातीइतक्या उंचीवर, दोन हिरवट दिवे लागले होते. आबांनी गाडीचे चाक किंचितही वळवले नाही. गाडी सरळ ठेवून त्यांनी ब्रेक लावला, मोठा दिवा मंद केला आणि गाडी थांबवली. एक नीलगाय डांबरावर आली. नाव गाईचे असले, तरी ती गाय नव्हे. कुरंगांच्या कुळातील आशियातील हा सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोंच्याही वर जाते. आमच्यापुढची मादी होती, तपकिरी रंगाची. ती क्षणभर थांबली, मग रस्ता ओलांडून केळीच्या बागेत शिरली.

क्लीनर घड्याळाकडे पाहून म्हणाला, “आबा, चला आता. गाडी उशिरा पोहोचली, तर भाव मिळायचा नाही.”

“थांब भाऊ, मांगे अजून शे,” आबा अहिराणीत म्हणाले. मागे अजून आहे! आमच्या पाठीमागे दुसरी एक मोटार येऊन भोंगा वाजवू लागली. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबण्याची खूण केली. अर्धा मिनिट गेला. तेवढ्यात बाभळीच्या झुडपातून एक लहानसे वासरू निघाले आणि लटपटत, आईच्या वासावर, रस्त्यापार गेले. त्यानंतर मागच्या मोटारीचा भोंगा वाजला नाही.

गाडी पुन्हा चालू झाल्यावर पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग आबांनीच सांगितले, की तरुणपणी त्यांचा एक सोबती असाच रात्रीचा गाडी हाकत होता. समोर म्हैस दिसताच त्याने चाक जोराने फिरवले. भरलेली गाडी कलंडली. म्हैस वाचली, गाडीतला क्लीनर वाचला नाही. “त्याची आई अजून आहे,” आबा म्हणाले. “मी तिच्या घरावरून जातो, तेव्हा मला उशिराचे काही वाटत नाही.” शेजारचा तरुण खाली मान घालून ऐकत होता.

घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. डोळ्याने पाहावे, मनाने जाणावे आणि पायाने ब्रेक दाबावा, एवढ्यातच एक सेकंद सहज निघून जातो. पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अंतर लागते ते निराळेच. पण वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे हे अंतर सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते. आबा शाळेत फार शिकलेले नव्हते. तरी हे गणित त्यांच्या पायाला पाठ होते.

सगळाच भार चालकाच्या शहाणपणावर टाकून भागणार नाही. रस्ते बांधणाऱ्यांनीही जनावरांचा विचार करायला हवा आणि तसा तो करता येतो. नागपूर जिल्ह्यात मनसरहून खवासाकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तेथे ९ ठिकाणी रस्ता उचलून घेऊन त्याखालून जनावरांना वाट ठेवली आहे. २०१९ साली भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावून पाहिले. १८ जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी गेलेले आढळले; त्यांत वाघही होते. वर मालमोटारी धावत होत्या आणि खालून वाघ आपल्या वाटेने जात होता. खानदेशातही वाघ आहेत. मुक्ताईनगर तालुक्यात त्यांच्यासाठी २०१४ साली मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्यांच्या वाटांचीही अशीच काळजी घ्यायला हवी.

तुमच्यापैकी कित्येक जण उद्या मोटारी चालवतील; कोणी रस्ते आणि पूल बांधतील. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : रस्ता आपण काल-परवा बांधला, डोंगरातून नदीकडे जाणारी वाट त्याहून फार जुनी आहे. अंधारात दोघे समोरासमोर आले, तर ज्याच्याजवळ दिवा आहे, त्यानेच दोघांसाठी पाहायचे असते.