एक्स्क्यूज मी, खो!

आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये क्रिकेट सोडून दुसरा कुठलाही खेळ लावायचा म्हणजे आधी जवळजवळ निवडणूक घ्यावी लागते. 19 जानेवारी 2025 ला मात्र रिमोट माझ्या हातात होता आणि मी तो सोडला नाही. दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपच्या दोन्ही फायनल होत्या. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, मुलांनी 54-36 ने. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेजारी बसलेल्या कॉम्प्युटरच्या एकीने शांतपणे विचारलं, "पण हे एवढं पळून शेवटी गोल कुठे मारायचा असतो?"

तिला समजावताना मी 'मध्यपाटी', 'आडवी पाटी', 'सूर', 'हूल' असे शब्द वापरले, तर सगळ्या माझ्याकडेच बघायला लागल्या. "तू तर कॉन्व्हेंटची ना गं? तुला हे कुठून येतं?"

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. (ओरलला एवढं लांब उत्तर आलं असतं तर!)

आमच्या शाळेत खेळ म्हणजे स्पोर्ट्स डे. रेड, ब्लू, ग्रीन, यलो अशी चार हाऊसेस. पांढरे कॅनव्हास शूज, त्यावर आणखी पांढरा खडू. महिनाभर मार्च पास्टची प्रॅक्टिस आणि प्रत्यक्ष शंभर मीटर पळणं पंधरा-सोळा सेकंदांचं. लिंबू-चमचा होता, तीन पायांची शर्यत होती, प्रमुख पाहुणे होते. बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट छान होतं आणि आमची टीमही बरी होती. वाईट काही नव्हतं. फक्त कपडे मळायचे नाहीत, एवढी एक अट सगळ्याला होती.

कपडे मळायचे ते संध्याकाळी. आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही. गल्लीच्या टोकाला मंडळाचं मैदान. मैदान म्हणजे काय, तर 27 मीटर बाय 16 मीटर माती, दोन लाकडी खांब, आणि पाऊस नसेल तेव्हा फक्कीच्या रेषा. गणपतीत तिथंच मांडव पडायचा, तेवढे दिवस सुट्टी. शिकवणारे सर दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, साडेपाचला सायकलवरून यायचे. कपड्यांना हळदीचा वास आणि गळ्यात शिट्टी! फी नव्हती. मुलींना आयाबाया सोडायच्या त्याचं कारण सर नव्हेत, तर समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या चार आज्या. त्या भाजी निवडत निवडत पूर्ण प्रॅक्टिस बघायच्या आणि नियमही त्यांना सरांइतकेच पाठ होते. "फाऊल झाला, पोरगी मागं वळली!" हे पंचाच्या आधी ओट्यावरून ऐकू यायचं.

माझं निम्मं मराठी त्या मैदानावरचं आहे. घरी आई-बाबांशी बोलायचं ते वेगळं, शाळेत मराठी सेकंड लँग्वेज ते वेगळं, आणि मैदानावर "अगं सूर मार की, बघत काय बसलीस?" ते वेगळं.

ज्यांनी हा खेळ नुसता शाळेच्या पी.टी.त पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ जणी मध्यपाटीवर उकिडव्या बसतात, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून. नववी पाठलाग करते. तिला मधली रेष ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही. फिरायचं असेल तर बसलेलीच्या पाठीवर थाप द्यायची आणि 'खो' म्हणायचं. पळणाऱ्या मुलींना मात्र कुठूनही कुठंही पळता येतं. म्हणजे पाठलाग करणारी एकटी कधीच कुणाला पकडत नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की स्कोअरशीटवर गुण तर लिहितातच, पण पळणारी किती वेळ टिकली तेही लिहितात. दोन मिनिटं दहा सेकंद. एक मिनिट चाळीस. शेवटी बाद झालीस तरी तुझा वेळ कागदावर राहतो.

आता गंमत अशी की मंडळात तुम्ही एकत्र खेळता, पण शालेय स्पर्धा शाळेच्या नावावर असतात. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट. आधी महापालिकेची किंवा तालुक्या-जिल्ह्याची फेरी, मग विभाग, मग राज्य. त्यामुळे वर्षभर एका पाटीवर शेजारी बसणाऱ्या आम्ही मुली स्पर्धेच्या दिवशी तीन वेगवेगळ्या शाळांच्या ड्रेसमध्ये समोरासमोर उभ्या राहायचो. आमच्या शाळेची खो-खो टीम नव्हतीच. नववीत असताना मी पी.टी.च्या मिसच्या मागे लागून ती उभी केली. बारा जणी लागतात. मंडळातल्या पाच निघाल्या, उरलेल्या सात बास्केटबॉलमधून उसन्या घेतल्या. त्या बिचाऱ्या उकिडव्या बसल्या की दोन मिनिटांत पाय आखडायचे. आणि एकीने पहिल्याच प्रॅक्टिसला, सवयीने, पुढच्या मुलीच्या पाठीला बोट लावून म्हटलं, "एक्स्क्यूज मी... खो!" पळणारी तोपर्यंत दुसऱ्या खांबापाशी पोचून हसत होती.

ते 2019 साल. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. माझा जन्म 2005 चा, म्हणजे आधीच्या मोठ्या पुराच्या वर्षीचा, आणि आजी नेहमी म्हणायची की तसं पाणी पुन्हा येणार नाही. ते त्याहून जास्त आलं. आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर. आम्ही मामाकडे होतो. परत आलो तेव्हा मैदानावर गाळ, चिखल, कुणाच्या तरी घरातलं कपाट, आणि दोनपैकी एक खांब गायब. गाळ काढायला सगळेच आले, आधी घरातला काढून मग मैदानातला. ओट्यावरच्या आज्यासुद्धा खराटे घेऊन उतरल्या होत्या. सरांनी सुताराकडून नवा खांब आणला. सगळा गाळ काही निघाला नाही, पण राहिलेला वाळल्यावर माती इतकी मऊ झाली की त्या महिन्यात सूर मारताना कुणाचेही गुडघे फुटले नाहीत. हे मी घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "चला, पुराचा कुणाला तरी फायदा झाला."

स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत आमची गाठ पडली ती महापालिकेच्या शाळेशी. त्यांच्यात होती आमच्या मंडळातली सगळ्यात चपळ मुलगी. तिला आम्ही सगळे खारूताई म्हणायचो. तिची आई तीन घरची कामं करायची. खारूताई आमच्यासारखी बूट घालून खेळायची नाही, कारण बुटात तिला माती कळत नाही असं तिचं म्हणणं. माझी प्रत्येक हूल तिला पाठ होती, तिनेच तर शिकवली होती! मी दोन मिनिटं दहा सेकंद टिकले, मग तिने खांबावर सूर मारून मला बाद केलं. आम्ही एक डाव राखून हरलो. त्यांची शाळा विभागापर्यंत गेली आणि तिथं थोडक्यात हरली. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी राज्य. लिहून ठेवा."

पुढचं वर्ष म्हणजे 2020. मैदान बंद, शाळा बंद, स्पर्धा नाहीत. दहावीची बोर्डाची परीक्षा 2021 मध्ये रद्द झाली, तेव्हा मार्क देताना नववीचा निकाल धरला गेला. मार्कांसाठी नववी धरली, खेळासाठी कुणाची नववी धरली नाही. आमचं सतरा वर्षांखालचं शेवटचं वर्ष तसंच कोरं गेलं. माझं त्यात फार काही अडलं नाही. मला क्लास होता, सी.ई.टी. होती, आणि आता इथे मी तुमच्यासोबत सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करते आहे. खारूताईचं अडलं. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या स्तरावरचं प्रमाणपत्र लागतं. तिच्याकडे आहे ते विभागाचं, सहभागाचं. ती आता बी.ए. करते आणि पहाटे उठून पोलीस भरतीचं ग्राऊंड करते. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. गोळा तिला अजिबात आवडत नाही. फोनवर म्हणाली, "आयुष्यभर हूल द्यायला शिकले गं, आणि आता लोखंड फेकतेय."

सारिका काळे यांचं नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? धाराशिवच्या. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तब्बल 22 वर्षांनी. खारूताईच्या फोनच्या स्क्रीनवर त्यांचा फोटो आहे. वर्ल्ड कपनंतरही बदललेला नाही.

मंडळाचं मैदान अजून आहे. दिवाळीत गेले होते. सर आता रिटायर झालेत, पण शिट्टी गळ्यात असते. मुली दहा-बारा, सगळ्या सहावी ते नववीच्या. दहावीच्या विचारल्या तर सर नुसतं क्लासच्या दिशेला हात करतात. मुलगे मात्र पार कॉलेजपर्यंतचे खेळत होते. ओट्यावर आता दोनच आज्या आहेत.

आणि आपल्याकडे? आपल्या कॉलेजचं मैदान मोठं आहे, संध्याकाळी दिवे लागतात, मुलं रात्री दहापर्यंत क्रिकेट आणि व्हॉलीबॉल खेळतात. लेडीज हॉस्टेलचं गेट सातला बंद होतं. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं. हॉस्टेलवर येऊन कपडे बदलायला वीस मिनिटं, मैदानावर पोचायला दहा, परतायला दहा. उरली पन्नास मिनिटं, त्यात मेसचा चहा. गणित तुम्हीच करा, इंजिनिअर आहात. शिवाय त्या पन्नास मिनिटांत मैदान रिकामं नसतंच. रेक्टर मॅडमशी मी बोलले आहे. त्या स्वतः कॉलेजात असताना खो-खो खेळायच्या, हे त्या दिवशी कळलं! गेटची वेळ त्यांच्या हातात नाही म्हणाल्या, पण सकाळची परवानगी दिली आहे.

म्हणून ठरलंय ते असं. वर्कशॉपच्या मागे जी मोकळी जागा आहे ती सिव्हिलच्या दोघींनी टेप लावून मोजली. 27 बाय 16 आरामात बसतं, एका कोपऱ्यात फक्त जुनी लेथ मशीन पडली आहे, ती हलवायला अर्ज दिलाय. खांब वर्कशॉपचे सुतारकामाचे मामा करून देणार आहेत. रोज सकाळी सहा ते सात. उकिडवं बसता आलं पाहिजे, बाकी सगळं शिकवू. नऊ जणी लागतात, सध्या आम्ही सात आहोत. आणि ओट्यावर बसायला कुणी स्टाफपैकी तयार असेल तर खुर्ची आम्ही आणू.